जपानचा गोल्डन वीक की चीनचा ऑक्टोबर आठवडा?

आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी जपानच्या गोल्डन वीकशी, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांशी, जुळते आणि २ ऑक्टोबर चीनच्या राष्ट्रीय दिनाच्या आठवड्यात येतो. तिकिटं काढण्याआधी या सुट्ट्या कशा जोडल्या आहेत ते नीट पाहा.

जपानमध्ये २९ एप्रिलला शोवा दिन. मग थेट ३, ४ आणि ५ मे: संविधान दिन, हरित दिन, बालदिन. मधले ३० एप्रिल ते २ मे, शनिवार-रविवार सोडला तर, कामाचे दिवस. काहीजण रजा टाकून जोडून घेतात, पण सगळ्यांना ते जमत नाही. पाहुण्याच्या फायद्याची फट हीच. क्योतो, हाकोने या तीन दिवसांत उरका आणि ३ मेपासून एकाच गावी मुक्काम ठेवा. घराघरांवर, नदीकाठी वाऱ्याने फुगलेले कापडी कार्प मासे दिसतील, दुकानांत ओकच्या पानात गुंडाळलेला काशिवा-मोची हा तांदळाचा गोड पदार्थ मिळेल. बालदिनाची ही मजा पायी हिंडूनच घ्यावी.

शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनचं आरक्षण महिनाभर आधी सकाळी १० वाजता उघडतं. या गर्दीच्या दिवसांत त्यातल्या वेगवान नोझोमी गाडीला विनाआरक्षित डबेच नसतात. ऐनवेळी चढायचं ठरवणारे इथेच अडकतात. हिकारी, कोदामा या गाड्यांना ते डबे असतात, पण त्या जास्त थांबे घेतात.

चीनमध्ये सहसा १ ते ७ ऑक्टोबर सलग सुट्टी, मध्ये फट नाही. कायद्याने सुट्टी फक्त १ ते ३ची. उरलेले चार दिवस शनिवार-रविवारचे. त्यातले काही आगेमागे सरकवून आणलेले असतात. त्या बदल्यात एखाद्या शनिवारी किंवा रविवारी कामावर जावं लागतं. या अदलाबदलीला 'तियाओशिउ' म्हणतात आणि नोकरदार तिला कंटाळलेले आहेत. तिथून माल मागवत असाल तर भरपाईच्या त्या दिवशी पुरवठादार कामावर सापडेल. १ ते ७ मात्र काही हलणार नाही असं धरून चाला.

टोलचं धोरण तर अगदी उलट. चीन २०१२ पासून या आठवड्यात छोट्या गाड्यांना महामार्गावर टोल माफ करतो, म्हणून कोंडी आणखी वाढते. जपान गर्दी पांगावी म्हणून गोल्डन वीकमध्ये एरवीची सुट्टीच्या दिवसांची टोल सवलतच बंद ठेवतो.

चीनमधल्या रेल्वेची तिकिटं १५ दिवस आधी सुटतात, बीजिंगच्या राजवाड्याची ७ दिवस आधी, पासपोर्ट क्रमांकावर.

कुटुंब घेऊन निघायचं असेल तर जपान निवडा. चीनला ८ ऑक्टोबरनंतरच जा.