बामणोलीचा लेक टच तंबू, पूर्वेचा वारा आणि न सुटलेली लाँच

बामणोलीच्या ह्या तंबूंच्या कॅम्पला पाचपैकी चार तारे. एक तारा मेखांनी खाल्ला, त्याचं पुढे सांगतो. आमच्याबरोबरच उतरलेला पुण्याचा एक ग्रुप मात्र 'आम्ही एकच तारा देणार' असं मालकांना तोंडावर सुनावून गेला, कारण शनिवारी रात्री शेकोटी पेटवली नाही आणि रविवारी सकाळी लाँच सोडली नाही. माझ्या चार ताऱ्यांतले निम्मे नेमके ह्याच दोन गोष्टींसाठी आहेत.

आधी माझा वाऱ्याशी संबंध काय ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण शहाणा. मी साताऱ्याचा, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. आमच्याकडे वाऱ्याचा खरा सीझन पावसाळा. हिवाळ्यात वारा पडतो म्हणून मोठी दुरुस्तीची कामं तेव्हा काढतात. पण हिवाळ्यातही मध्येच एखादा असा दिवस येतो की पूर्वेकडून कोरडा, थंड वारा सुटतो आणि टॉवरवर चढायचं काम बंद ठेवावं लागतं. ह्या कॅम्पवर आम्हाला मिळाला तो तसलाच दिवस. सासरे, मंडळी आणि मुलगा बरोबर होते.

डिसेंबरातली थंडीची लाट चालू होती. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या कडेला दव गोठल्याचे फोटो त्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या मोबाईलवर फिरत होते. दव गोठायला आभाळ मोकळं आणि वारा पडलेला लागतो. शनिवारी दुपारी कासच्या तलावाजवळ गाडी थांबवली तर दार उघडताना हातातून निसटलं. तेव्हाच मंडळींना म्हटलं, आज काही दव पडत नाही.

कासचं पठार साधारण १२०० मीटर उंचीवर. तिथून बामणोलीला उतरलं की आपण जवळपास पाचशे मीटर खाली शिवसागरच्या पाण्याशी येतो. कोयना धरणाचा हा जलाशय महाबळेश्वरच्या बाजूने दक्षिणेला चांगला पन्नासेक किलोमीटर पसरलाय, पण रुंदीला चिंचोळा आणि वळणावळणाचा. बामणोली त्याच्या पूर्वेच्या काठाला. म्हणजे पूर्वेचा वारा पठारावरून घरंगळत थेट ह्या काठाच्या पाठीवर पडणार. त्यात रात्री डोंगराचा उतार लवकर गार होतो, पाणी त्या मानाने उबदार राहतं, आणि ओढ्याओढ्यातून थंड हवा खाली पाण्याकडे सरकते. दोन्ही एकाच दिशेचे झाले की संपलं.

आता तंबू. कॅम्पवर दोन रांगा आहेत. वरची रांग घराला लागून, आंब्याच्या झाडांमागे. खालची पाण्याला खेटून, तिला 'लेक टच' म्हणतात आणि माणशी तीनशे रुपये जास्त घेतात. शनिवार असल्याने आम्हाला खालचाच मिळाला. संध्याकाळी नजारा बघून तीनशे रुपये वसूल झाले असंच वाटतं, खोटं कशाला बोला. समोर पाणी, पलीकडे वासोटा किल्ल्याच्या बाजूचं दाट जंगल, सूर्य बरोबर त्याच्यामागे जातो.

पण ही खालची जमीन म्हणजे पावसाळ्यात पाण्याखाली असलेला काठ. वरून भेगाळलेला, कडक दिसतो, चार बोटं खाली गेलं की गाळ. त्यात वीतभर लांबीच्या, करंगळीएवढ्याही जाड नसलेल्या मेखा ठोकलेल्या. मी एक हाताने ओढून बघितली, दोन बोटांत वर आली. बरं, मेख ठोकायची ती ताणाच्या उलट दिशेला डोकं कलवून. इथे सगळ्या सरळ उभ्या. तंबूची दारंही डोंगराकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. एक साधा हिशोब सांगतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण सहा किलोचा दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास. चारजणांच्या तंबूची एक बाजू तीन-चार चौरस मीटर सहज भरते. सोसाट्याचा एक झोत आला की वीतभर मेखेवर काय येतं, तुम्हीच मोजा.

रात्री एकच्या सुमाराला झोत सुरू झाले. आधी वरच्या आंब्यात सळसळ, मग तीन-चार आकडे मोजेपर्यंत काहीच नाही, आणि मग तंबूची अख्खी बाजू आत येऊन कापड गालाला लागायचं. फायबरची काडी इतकी वाकायची की मुलगा झोपल्या झोपल्या तिला पायाने रेटून धरत होता आणि वर हसत होता. सासरे उठून बसले. ते जावळीतलेच. म्हणाले, "जावईबापू, हे वारं उन्हं चढल्याबिगर पडायचं न्हाई. बाहेर चला." बाहेर आलो तर शेजारच्या तंबूच्या दोन मेखा निघून दोरीला लोंबकळत होत्या.

इथून पुढे मात्र मालकांना मानलं. कुणी हाक मारायच्या आधी ते बॅटरी घेऊन खाली आलेले, बरोबर गावातली दोन पोरं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत काठाचे दगड भरून प्रत्येक ताणाच्या दोरीला एकेक गोणी बांधत गेले. पोरगा गुडघ्यावर बसून आधी दोरी सैल करायचा, गोणी सरकवायचा, मग दोन वेढे मारून गाठ. सैल न करता बांधली असती तर पुढच्या झोताला काडीच मोडली असती, आणि हे त्याला कुणी शिकवलेलं दिसत नव्हतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या सगळ्यांना त्यांनी घराच्या पडवीत हलवलं. तिथे सतरंज्या, गोधड्या आधीच टाकलेल्या होत्या. म्हणजे रात्री काय होणार ह्याचा त्यांना अंदाज होता. मग संध्याकाळीच लोकांना वर का नाही घेतलं, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी त्यांना विचारला. "संध्याकाळी सांगितलं असतं तर कुणी उठलं असतं का दादा, पैसे भरलेत म्हणून?" खरं आहे, पण सांगायला हवं होतं.

शेकोटीचं म्हणाल तर पॅकेजात 'कॅम्पफायर' लिहिलंय हे कबूल. पण डिसेंबरात कास ते बामणोली सगळ्या उतारांवर गवत वाळून पिवळं झालेलं असतं. अशा वाऱ्यात एक ठिणगी उडाली तर वणवा गावात यायला वेळ लागत नाही, आणि पलीकडे कोयना अभयारण्य. मालकांनी लाकडं रचलेली होती, ती साडेसातला स्वतः उचलून नेली. बार्बेक्यूची शेगडीही पत्र्याच्या शेडमध्ये, तीन बाजूंनी आडोसा करून. ह्यावरून कुरकुर झाली. स्पीकर लावता आला नाही म्हणूनही झाली, ते जाऊ दे.

सकाळच्या लाँचवरून मात्र चांगलंच वाजलं. पुण्याच्या मंडळींना वासोट्याला जायचं होतं. साडेसातला धक्क्यावर उभं राहिलं तर पाणी गुळगुळीत. एकजण म्हणाला, "अहो, एक लाट दाखवा, मग रद्द करा." लाटा दिसणार कशा? वारा आपल्या पाठीकडून पाण्यावर जातोय. ह्या काठाला लाट उठायला जागाच नाही. तिला मोठं व्हायला पल्ला लागतो. वळणाच्या पुढे, मधल्या पात्रात नीट नजर लावली तर पांढरे ठिपके दिसत होते. लाटांच्या डोक्यावर असा फेस सगळीकडे दिसायला लागला की वारा ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे गेला समजायचं, आणि तो धरून होता सकाळी. जाताना हा वारा लाँचला मागून ढकलत नेतो, फार मजा वाटते. येताना तोच समोरून, लाट अंगावर, इंजिन तेवढंच. वासोट्याहून संध्याकाळच्या आत परतावंच लागतं, अभयारण्यात मुक्काम नाही. पलीकडे अडकलात तर करणार काय? लाँचवाले मामा एवढंच म्हणाले, "जाताना मी नेईन वो. येतानाचं माझ्या हातात न्हाई." लाँच सुटली नाही की त्यांचाही रोज बुडतो, कॅम्पवाल्यांचाही. तरीही दोघांनी नाही म्हटलं आणि लाँचचे पैसे परत केले. आमच्या कामात हे 'नाही' म्हणायला वर साहेब असतो, कागद असतो. इथे नुसता स्वतःचा अनुभव.

दहानंतर वारा खरंच उतरला, पण तोवर वासोट्याची वेळ टळलेली. मामांनी मग काठाकाठाने तासभर फिरवून आणलं. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पट्टे मामांनी स्वतः ओढून बघितले.

जेवण उत्तम. मालकांच्या आई चुलीवर नाचणीची भाकरी थापतात, तव्यावरून थेट ताटात. कोंबडीचा रस्सा तिखट आहे, मुलांसाठी आधी सांगा. पिठलं-भात रात्री उशिरा मागितला तरी मिळाला. नाश्त्याचे पोहे मात्र गार. संडास स्वच्छ, पण त्याच्या पत्र्याच्या दाराला आतून कडी नीट लागत नाही आणि रात्रभर ते दार आपटत होतं. खालच्या तंबूंना दिलेली ब्लँकेटं पातळ आहेत. रेंज नसल्यातच जमा, तेव्हा हवामानाचा अंदाज साताऱ्यातून निघायच्या आधीच बघून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर बुकिंग करताना वरच्या रांगेतला, झाडामागचा तंबू मागा. तीनशे रुपयेही वाचतील. मफलर नाही, कानटोपीच न्या. आणि मालकांना माझं एवढंच सांगणं: साताऱ्यात कुठल्याही लोहाराकडे दीड-दोन फुटी सळईच्या मेखा करून मिळतात, डोक्याला आकडा मारून. माप मी कागदावर काढून दिलंय. पुढच्या वेळी त्या ठोकलेल्या दिसल्या तर पाचवा तारा देतो.