जर्मन स्पेलिंग: काही महिने रोज वापरल्यानंतर

वाचायला पाचपैकी साडेचार, ऐकून लिहायला जेमतेम तीन. नोकरीसाठी श्टुटगार्टला आल्यापासून पाट्या, पत्रं, फॉर्म सगळं याच स्पेलिंगमध्ये चाललंय, म्हणून आता लिहितोय.

वाचताना इंग्रजीसारखी धाकधूक नसते. डब्ल्यू म्हणजे 'व', व्ही बहुतेकदा 'फ', शब्दाच्या सुरुवातीला एस-टी आले की 'श्ट'. झेड तर मराठी माणसाला आंदणच मिळालाय: सरळ चटणीतला च. ट्रेनला 'त्सूक' म्हणायला आपल्याला काही कष्ट नाहीत. गोम पुढे आहे. मराठीत इ किंवा ए आला की हा च बदलतो. चिमणीत, चेहऱ्यात तो चटणीतला राहत नाही. जर्मन झेड मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे खोलीला 'त्सिमर' आणि दहाला 'त्सेन' म्हणताना जीभ हमखास 'चिमर', 'चेन'वर घसरते.

चिमणीतला च लिहायला टी-एस-सी-एच अशी चार अक्षरं लागतात, आणि ज साठी डी-एस-सी-एच. नुसता जे म्हणजे 'य'. माझं आडनाव जैन, दवाखान्यात पुकारा होतो 'हेर याइन', म्हणजे श्री. जैन. इकडे 'हो'ही आणि 'नाही'ही म्हणायचं असलं की 'याइन' असंच म्हणतात, फक्त स्पेलिंगमध्ये ए-आयऐवजी ई-आय. नर्सबाई हसणारच.

एस्त्सेटला, म्हणजे ß या अक्षराला, लोक उगाच घाबरतात. 1996च्या सुधारणेपासून हिशेब सोपा आहे: आधीचा स्वर लांब किंवा जोडस्वर असेल तर एस्त्सेट, आखूड असेल तर दोन एस. रस्त्याच्या 'श्ट्रासं'ला एस्त्सेट, नदीच्या 'फ्लुस'ला दोन एस. जुन्या पुस्तकांत 'फ्लुस'लाही एस्त्सेटच दिसेल. 2017पासून त्याचं कॅपिटल रूपही अधिकृत झालं. स्वित्झर्लंडमध्ये ही भानगडच नाही, सगळीकडे दोन एस.

खरी तक्रार शब्दाच्या शेवटाबद्दल. तिथे डी चा उच्चार 'ट', बी चा 'प', जी चा 'क' होतो, पण लिहायचं मात्र मूळ अक्षर. 'राट' ऐकलं की सल्ला की चाक, कळायला मार्ग नाही. सल्ल्याला टी, चाकाला डी. चाकाचं अनेकवचन 'रेडर' केलं की डी बाहेर येतो. पण मीटिंगमध्ये समोरचा भराभर बोलत असताना अनेकवचनं कोण करत बसणार?

आणि श्टुटगार्टकर 'फेस्ट'ला 'फेश्ट' म्हणतात, वीसला 'त्स्वान्त्सिक', तर प्रमाण उच्चार 'त्स्वान्त्सिश'च्या जवळचा. खरं तर यात स्पेलिंगचा काय दोष! तरी वाचनाचा तो अर्धा गुण मी श्वेबिश बोलीपायीच कापलाय.