पाऊच की मेन्यूकार्ड? वनस्पतीआधारित जेवणासाठी काम करू पाहणाऱ्या डिझायनरने कुठे जावं

जाहिरातीत किंवा ॲपच्या कामात काही वर्षं घालवली की बऱ्याच डिझायनरांना एक हुरहुर लागते. मुंबईकरांच्या ताटात मांस आणि दूध कमी, डाळी-उसळी जास्त याव्यात, यासाठी आपला हात चालला तर बरं, असं वाटू लागतं. तुम्ही तिथवर आला असाल तर मुंबईत वाटा दोन. वनस्पतीआधारित पदार्थ बनवणाऱ्या एखाद्या नव्या कंपनीत नोकरी धरायची, किंवा चालू खानावळी-हॉटेलांची मेन्यूकार्डं आणि डिलिव्हरी ॲपवरच्या याद्या नव्याने मांडून द्यायच्या. मोहिमांची पोस्टरं ही तिसरी वाट. ती मी मोजत नाही, कारण ती पोस्टरं बहुतेक आधीच पटलेली मंडळी एकमेकांना पाठवतात. मी आधी कंपनीत होतो, आता मेन्यूकार्डं करतो. तेव्हा माझं पारडं थोडं झुकलेलं असणार, हे धरून वाचा.

कंपनीचं सुख मोठं आहे. पगार वेळेवर येतो, फोटोशूटला बजेट असतं, पदार्थ बनवणारी माणसं शेजारच्याच टेबलावर बसतात. नियमांचं शिक्षण फुकट होतं. हिरव्या ठिपक्यात दूध-तूप चालतं, म्हणून 2022 मध्ये व्हीगन, म्हणजे दूध-तूपही नसलेल्या, पदार्थांसाठी वेगळे नियम आले, त्यांचं हिरव्या ‘व्ही’चं चिन्हही वेगळं. पाकिटाच्या दर्शनी भागावर ही चिन्हं, वजन, प्रोटीनचे ग्रॅम आणि मार्केटिंगवाल्यांची हौस हे सगळं बसवायचं म्हणजे चांगला व्यायाम असतो. पोर्टफोलिओत ते शोभूनही दिसतं.

मला नडला तो छापील फिल्मचा रोल. लॅमिनेटेड पाऊच बहुधा ग्रॅव्युअर नावाच्या छपाईपद्धतीने छापतात. प्रत्येक रंगाला कोरलेला वेगळा सिलिंडर, आणि सिलिंडरचा खर्च वसूल व्हायचा तर छपाई भरमसाट करावी लागते. छापून आलेला रोल गोदामात पडला की तो संपेपर्यंत डिझायनरचे हात बांधलेले. आमच्याकडे सोयाच्या खिम्याचा पाऊच होता, वर बर्गरचा झकास फोटो. दुकानात चव द्यायला उभे राहिलो तर पहिल्याच दुपारी कळलं, की विचारणारा प्रत्येक जण ‘याचा खिमा-पाव होईल का, मसाला आमचा घातला तर चालेल का’ एवढंच विचारतोय. बर्गर कुणी घरी करत नव्हतं. नवं आर्टवर्क मी लगेच तयार केलं: पाव, वर कांदा, बाजूला लिंबाची फोड. सगळ्यांना आवडलं. आणि मग उत्तर आलं, जुना रोल संपू दे. रोल संपायला माल खपायला हवा, आणि माल खपत नव्हता तो त्या बर्गरमुळेच, असं निदान मला तरी वाटत होतं. कुणाची चूक म्हणावी असंही नाही, हिशेब त्यांचा बरोबर होता. पण खाणारा काय म्हणतोय ते कळल्यावर महिनोन्‌महिने गप्प बसायचं, हे माझ्या स्वभावाला झेपेना.

मेन्यूकार्डाच्या कामात पैसे कमी, हे आधीच सांगतो. ‘एवढ्याशा कार्डाचे एवढे?’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. मालकाचा भाचा कोरल ड्रॉ जाणतो, हेही दर ठिकाणी निघतंच. पण आज कळलेलं उद्या टेबलावर असतं. चार प्रती डिजिटल प्रिंटरवर काढायच्या, लॅमिनेशन करायचं, वेटरला द्यायच्या. ॲपवरचा क्रम तर चहा पिता पिता बदलतो.

दादरकडच्या एका मालवणी हॉटेलात काळ्या वाटाण्याची आमटी आणि वडे शेवटच्या पानावर, ‘शाकाहारी’ या मथळ्याखाली, पनीरच्या रांगेत पडले होते. ते उचलून पहिल्या पानावर कोंबडी-वड्यांच्या लगेच खाली आणले, बस्स. मालकांना वर ‘हेल्दी’ असा शिक्का हवा होता, तो मी महत्प्रयासाने टाळला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासात उपाहारगृहातल्या त्याच भाजीला वेगवेगळी नावं देऊन पाहिली होती. चव सांगणाऱ्या नावाने ती साध्या नावापेक्षा 25 टक्के जास्त जणांनी घेतली, आणि ‘हलकं, साखर न घातलेलं’ अशा छापाच्या नावापेक्षा 41 टक्के जास्त जणांनी. आपल्याकडे असं कुणी मोजत बसत नाही. मला पुरावा मिळाला तो स्वयंपाकघरात: वाटाणा आता मोठ्या पातेल्यात भिजतो आणि दुपारी उशिरा गेलं तर ‘संपली’ म्हणून सांगतात. पदार्थ तोच, वाटप तेच, नवं काही कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. सोलकढीचंही तसंच, नारळाचं दूध आणि आमसूल. तिला मी फक्त थोडी मोठी जागा दिली.

इथला खरा प्रतिस्पर्धी मात्र चिकन नसून पनीर आहे, हे कंपनीत बसून मला कधी उमगलं नसतं. श्रावणात मासे-मटण बंद झालं की हॉटेलवाले बिनदिक्कत पनीरच्या चार डिश वाढवतात. वालाचं बिरडं, फणसाची भाजी, पिठलं-भाकरी आचाऱ्याला येत असतं, पण कार्डावर नसतं. आचाऱ्याशी बोला, आणि फोडणीत तूप पडतं का, भाकरीवर लोणी येतं का, हेही तेव्हाच विचारून घ्या. व्हीगनचं चिन्ह मनाने छापू नका. ‘दूध-तूप नाही’ असं साधं लिहिलं की गिऱ्हाईकाला कळतं.

घराचा हप्ता चालू असेल, किंवा मोठ्या टीममध्ये शिकायचं असेल, तर कंपनीत जा, दोन वर्षं वाया जाणार नाहीत. रोल संपायची वाट बघता येणारी माणसं असतात, आणि त्यांच्याच जिवावर ते पाऊच सुधारतातही. पण हातात थोडी शिल्लक असेल तर आधी एखाद्या ओळखीच्या खानावळीचं कार्ड फुकटात करून बघा. गटारी उलटली की मांसाहारी हॉटेलांत दुपारी टेबलं रिकामी असतात आणि मालकांना बोलायला वेळ असतो. जाताना नवं कार्ड छापूनच न्या. फोनवर दाखवलेलं त्यांना पटत नाही, आणि हातात आलेलं कार्ड सहसा परत करत नाहीत.