गिअरबॉक्सवाली पवनचक्की की बिनगिअरची?

पाटोदा, भूमच्या माळावर पवनचक्कीचा गिअरबॉक्स (पात्यांची संथ फिरकी जनरेटरसाठी वेगवान करणारी दातेरी चाकांची पेटी) बिघडला तर क्रेन रस्त्याने येते, काम होतं. अंटार्क्टिकावर जहाजच उन्हाळ्यात येतं, त्यामुळे प्रश्न तिथूनच सुरू होतो.

गिअरबॉक्सवाल्या यंत्राचं वरचं धूड तुलनेनं हलकं, छोट्या क्रेनवर भागतं. पण उणे ३०ला साधं गिअर ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. बेअरिंगपर्यंत पोचतच नाही आणि दात कोरडे घासतात. हीटर लावावा तर वारा पडल्यावर त्यालाही डिझेल जनरेटरचीच वीज. शिवाय थंडीत सील कडक होऊन गळतात.

बिनगिअरच्या यंत्रात पातं थेट मोठ्या व्यासाच्या जनरेटरला जोडलेलं. वजन जास्त, उचलायची कटकट. पण ऑइलचं लफडंच नाही. अंटार्क्टिकातल्या रॉस बेटावर २०१०पासून ३३० किलोवॅटची अशी तीन यंत्रं चालली. तिथल्याच ऑस्ट्रेलियाच्या मॉसन तळावर मात्र २०१७ साली अशाच एका यंत्राचं डोकंच (पात्यांसकट वरचा भाग) खाली आलं, तेव्हा तपासणी कुठल्याही यंत्राला चुकत नाही.

आपल्या ३५ अंशांच्या हवेपेक्षा उणे २०ची हवा सुमारे २० टक्के दाट असते. म्हणजे त्याच वाऱ्यात वीज जास्त, तसा पात्यांवर ताणही जास्त. ध्रुवावर बिनगिअरचंच घ्यावं. माळावर गिअरबॉक्स खुशाल चालतो.