हातातला व्हीएचएफ की बोटीला बसवलेला?

मांडवी-झुआरीत सुट्टीच्या दिवशी बोट काढणारी आपल्यासारखी हौशी माणसं कधी ना कधी इथे येऊन अडतात: व्हीएचएफचा, म्हणजे बोटीवरच्या बिनतारी रेडिओचा, पाच-सहा वॅटचा हातातला सेट पुरे, की पंचवीस वॅटचा बसवून घ्यावा? "मोबाइल आहे की" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, दोनापावला ते मुरगाव रेंज बरी मिळते, पण समोरून येणाऱ्या बार्जच्या सारंगाचा नंबर आपल्याकडे नसतो. चॅनेल १६ वर, म्हणजे हाक मारायच्या आणि संकटाच्या सामायिक चॅनेलवर, मात्र तो सापडतो. परवान्याचा सोपस्कार दोन्हीकडे आहेच, तेव्हा तो वजनात धरू नका.

मी आधी बरेच दिवस हातातला वापरला, आता बसवलेला वापरतो.

हातातल्याच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. बोटीला भोकं पाडायची नाहीत, केबल ओढायची नाही, मित्राच्या बोटीवर जाताना लाइफ जॅकेटला अडकवून न्यायचा. पाण्यात पडला तर तरंगणारे सेट मिळतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बोटीची बॅटरी बसली, किंवा बोट उलटून तुम्हीच पाण्यात गेलात, तर बोलणारा हा एकटाच उरतो. या मुद्द्यावर बसवलेल्या सेटकडे उत्तर नाही.

तरीही मी बदललो, ते "…हत्तर"मुळे.

झालं असं की, १६ वर हाक मारायची, उत्तर आलं की दुसऱ्या चॅनेलवर जाऊन बोलायचं, ही नेहमीची रीत. बोटी-बोटींतल्या गप्पांना ७२ आणि ७७ हे सोयीचे. आम्ही आपसात मराठी-कोंकणीत बोलतो. मी म्हणायचो बहात्तर, आणि आग्वादच्या टोकापलीकडे असलेल्या मित्राला ऐकू यायचं नुसतं "…हत्तर". तो जायचा सत्त्याहत्तरवर, मी बसायचो बहात्तरवर, मग दोघंही परत १६ वर येऊन एकमेकांना शोधायचो. तोवर मध्ये कुणीतरी ट्रॉलरवाला घुसलेला. आकडे सुटे करून, "सात-दोन, सात-दोन" असं दोनदा सांगायला लागल्यावर बरंच सुधारलं. बोलायचं बटण दाबून क्षणभर थांबल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हेही अंगवळणी पाडलं, नाहीतर पहिलं अक्षर सेटच खातो. पण लाट उठली की पुन्हा "परत सांग, परत सांग" सुरू.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. हातातल्या सेटमध्ये माइक, स्पीकर आणि अँटेना एकाच डबीत. इंजिनाच्या आवाजात ऐकायचं म्हणून सेट कानाशी नेला की अँटेना आडवी होते, आणि आपलंच डोकं मध्ये येतं. एक हात सुकाणूवर असल्याने पाठ वाऱ्याकडे करून उभं राहणंही जमत नाही, मग वारा थेट माइकमध्ये भरतो. वायरचा वेगळा माइक लावून पाहिला. आवाज सुधारला, पण सेट गेला कमरेला, म्हणजे अँटेना आणखी खाली आणि अंगाच्या आडोशाला.

बसवलेल्यात अँटेना दांड्यावर ताठ, माइक हातात, स्पीकर सुकाणूसमोर. प्रत्येकजण आपल्या जागी. फरक वॅटचा कमी आणि या मांडणीचा जास्त, असं मला वाटतं. पाचाचे पंचवीस वॅट केले म्हणून पल्ला पाचपट होत नाही, कारण व्हीएचएफ साधारण नजरेच्या रेषेत चालतो. पाण्यापासून दीड मीटरवरच्या अँटेनाला क्षितिज साधारण ५ किलोमीटरवर, चार मीटरवरच्या अँटेनाला ८ वर. समोरच्याचं क्षितिज त्यात मिळवायचं. आग्वादचं पठार मध्ये आलं तर दोन्ही सेट सारखेच मुके. कोको बीचवरून सिकेरीच्या बाहेर असलेल्या बोटीला हाक मारून पाहा, समजेल.

वॅट कुठे कामाला येतात, तर गर्दीत. हे सेट एफएम पद्धतीने चालतात, आणि तिचा स्वभाव असा की एकाच चॅनेलवर दोघं बोलले तर जोरदार तोच ऐकू येतो, दुसरा जवळजवळ पुसला जातो. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की १६ वर जी झुंबड असते, तिच्यात पाच वॅटवाल्याचा निभाव कठीण. हाच नियम उलटाही लागतो. पणजीत जेटीसमोरच्या मित्राशी बोलायला पंचवीस वॅट लावणारा बाकीच्यांची बोलती बंद करतो. तिथे एक वॅटवर या, कृपा करून.

बसवलेल्याची कटकट वेगळीच आहे, आणि ती खारी आहे. माझ्याकडे एका पावसाळ्यानंतर सगळे म्हणू लागले की माझा आवाज विहिरीतून येतो. सेट ठणठणीत होता. अँटेनाच्या बुडाशी कनेक्टर उघडला तर आतल्या तारेवर हिरवट थर, तिच्याभोवतीची धातूची जाळी काळी पडलेली, बोटाने चोळली तर भुगा हातात. बसवणाऱ्याने साधी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली होती. स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप लावून घ्या, आणि बारीक केबल गळ्यात मारत असतील तर नको म्हणा. दहा मीटर बारीक केबलीत साधारण तिसरा हिस्सा ताकद वाटेतच जिरते. शिवाय लाल झाकणाखालचं संकटाचं बटण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे रेडिओवरचा बोटीचा ओळख नंबर, सेटमध्ये भरलेला नसेल तर ते बटण काही पाठवत नाही, आणि जीपीएस जोडलेला नसेल तर कुठे आहात ते सांगत नाही.

कयाक, छोटी शिडाची होडी, किंवा बोटीवर बॅटरीच नाही, असं असेल तर हातातलाच घ्या, त्यात दुमत नसावं. आग्वाद ओलांडून बाहेर जात असाल, ग्रँड आयलंडला माणसं नेत असाल, मुरगावच्या जहाजांच्या वाटेत वावरत असाल, तर मी आधी बसवलेल्याला पैसे घालीन, आणि सवड झाली की एक साधा हातातला, चार्ज करून, जॅकेटला. कुणी हाच क्रम उलटा सांगेल, त्याचंही चूक नाही. त्याच्या बोटीवर इंजिन बहुधा माझ्यापेक्षा शांत असेल.