मालिश-मॅनिप्युलेशनचा (हाताने सांध्याला झटका देण्याचा) क्लास, जुळे सोलापूर : तीन महिने करून आले, त्याबद्दल

खूप जणींनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी आठ वर्षं योगा क्लास घेते, येणाऱ्या निम्म्या बायका विड्या वळणाऱ्या नाहीतर घरात माग असलेल्या, आणि सगळ्यांचं एकच, मॅडम मान धरलीय, कंबरेत उसण भरलीय, काहीतरी करा की. आसनांनी फरक पडतो पण हाताने काय करावं ते मला येत नव्हतं, आणि चुकीचं करायची भीती पण होती.

त्यात आधी एकदा फसले. एका हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर होतं, 6 हजार घेतले आणि पहिल्याच दिवशी दुपारी एकमेकांच्या माना कडाकडा मोडायला लावल्या. माझी मान चार दिवस वळत नव्हती. ते कोणाचं होतं ते लिहीत नाही, पण म्हणूनच या वेळी नीट चौकशी करून गेले.

इथली फी 14 हजार, दोन हप्त्यांत, शनिवार-रविवार सकाळी 7 ते 10. शिकवणारे सर बीएनवायएस आहेत, म्हणजे निसर्गोपचाराची साडेपाच वर्षांची डिग्री, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिप.

पहिले दोन आठवडे कुणाच्या अंगाला हातच लावू दिला नाही. काय करायचं, तर वहीच्या पानाखाली डोक्यातला एक केस ठेवायचा आणि डोळे मिटून बोटाने शोधायचा, लागला की वर अजून एक पान, मग अजून एक. पहिल्या दिवशी मला एका पानाखालचा पण लागत नव्हता, खरं सांगते पैसे गेले असंच वाटलं. चौथ्या क्लासला पाच पानांखालचा लागला आणि तेव्हा कळलं की आपण आजवर जोर लावत होतो, बघत नव्हतो. मग मणके. मान खाली घातली की बुडाशी जे हाड सगळ्यात वर येतं तो बहुतेक मानेचा सातवा, हात सोडून बसलं की खांद्याच्या पात्याचं खालचं टोक साधारण पाठीच्या सातव्याला, कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवून अंगठे मध्ये आणले की कमरेचा चौथा. मानेचे 7, पाठीचे 12, कमरेचे 5, रोज कुणाच्या तरी पाठीवर मोजायचे.

मालिशचे पाच हात शिकवले, एफ्लुराज, पेट्रिसाज, फ्रिक्शन, टॅपोटमेंट, व्हायब्रेशन. नावं फ्रेंच आहेत, घाबरू नका, चोळणं, मळणं, घासणं, थापणं, हलवणं हेच ते, कणीक मळणाऱ्या आणि भाकरी थापणाऱ्या हातांना लवकर जमतं. पण हातापायावर लांब हात फिरवताना दाब हृदयाकडे का, तर शिरांमधल्या झडपा रक्त एकाच बाजूला जाऊ देतात म्हणून, आणि पोटरी एकदम सुजून गरम झाली असेल तर आत गुठळी असू शकते म्हणून मालिश अजिबात नाही, असं कारणासकट.

मॅनिप्युलेशन आलं ते दुसऱ्या महिन्यात. ही आपल्या कटिस्नान-मातीच्या लेपासारखी जुनी निसर्गोपचारातली गोष्ट नाही हे सरांनी सरळ सांगितलं. अमेरिकेतल्या निसर्गोपचाराचा जनक म्हणतात त्या बेनेडिक्ट लस्टने जर्मनीतले पाण्याचे उपचार अमेरिकेत नेले, तिकडे स्टिलची ऑस्टिओपॅथी (हाडं-स्नायूंवर हातानेच उपचार) आधीच होती आणि 1895 ला पामरने कायरोप्रॅक्टिक (मणक्यांना हाताने झटका देऊन उपचार) सुरू केलेलं, त्या हाताच्या पद्धती तिथल्या निसर्गोपचाराच्या शिक्षणात मिसळल्या. सांधा हळूहळू हलवला तर मोबिलायझेशन, त्यात पेशंट मध्येच थांबा म्हणू शकतो, आणि छोटा पण झटकन धक्का दिला तर मॅनिप्युलेशन, तो सुटला की थांबवता येत नाही. कट्ट आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नसतो बरं का, सांध्यातल्या पाण्यात गॅसची पोकळी होते त्याचा असतो, आवाज नाही आला तरी काही बिघडत नाही. मानेचा धक्का त्यांनी आम्हाला शिकवलाच नाही. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिनी जाते, तिचं अस्तर फाटलं तर लकवा होऊ शकतो. कटिंगच्या दुकानात मान मोडून घेणाऱ्यांनी हे घरी जाऊन नवऱ्याला, पोराला सांगा.

मला या क्लासवर विश्वास बसला तो एका रविवारी. प्रॅक्टिसला पासष्टीच्या एक मावशी आल्या, पाठ दुखते म्हणून. टेबलावर घ्यायच्या आधी सरांनी शेजारी बसून विचारलं, मावशी लघवीवर ताबा आहे ना, मांड्यांच्या आत बधिर वाटतं का, रात्री दुखण्याने जाग येते का, पडला होता का कधी. दोन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या होत्या आणि दम्यासाठी कित्येक वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या, त्यांनी हाडं ठिसूळ होऊ शकतात. सरांनी कुणालाच हात लावू दिला नाही, चिठ्ठी लिहून एक्स-रेला पाठवलं. पुढच्या आठवड्यात फिल्म दाखवली, कमरेचा पहिला मणका पुढून चपटा झालेला. आमच्यातल्या कुणी त्या पाठीवर धक्का दिला असता तर, हे आठवून अजून अंगावर काटा येतो.

तक्रारी पण आहेत. 22 जणांत टेबलं फक्त तीन, एप्रिलमध्ये वर पंखा एक, आपला नंबर यायला अर्धा तास. नोट्स सगळ्या इंग्लिशमध्ये, मागाच्या कामातून वेळ काढून आलेल्या दोन बाया त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात सोडून गेल्या, याचं मला फार वाईट वाटलं, हे मी सरांना पण बोलले. आणि जाहिरातीत थेरपिस्ट व्हा असं छापतात ते काढायला पाहिजे. या सर्टिफिकेटवर दवाखाना उघडता येत नाही, सर वर्गात स्वतः सांगतात, मग बोर्डावर का नाही? मी अजूनही फक्त मालिश आणि हलकं मोबिलायझेशन करते, धक्का देत नाही, शुगर-बीपी बरं करते असं तर कधीच म्हणणार नाही.

तरी मी 5 पैकी 4 देईन. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. जाणार असाल तर आपले दोन मोठे सोलापुरी टॉवेल न्या, तिथले पुरत नाहीत, आणि नखं आदल्या रात्रीच कापा, दारातच हात बघतात.