लॉनच्या टकलांवर कोरडं बी की मोड आलेलं?

लॉनला टक्कल पडलं की पाकिटातलं बी तसंच फेकायचं, की मटकीसारखे मोड आणून पेरायचं? हरळीचं बी, जे दुकानात बर्म्युडा म्हणून मिळतं, सोललेलं असेल तर जूनच्या उकाड्यात ७ ते १० दिवसांत उगवतं. बिनसोललेलं २-३ आठवडे घेतं. मोड आणले तर त्यातले निदान चार-पाच दिवस वाचतात. तरीही नागपुरात निवड वेग पाहून करू नका, पाणी पाहून करा.

कोरडं बी वाट पाहतं. पाऊस लांबला तरी ते मातीत पडून राहील. मोड आलेल्या बियाला थांबता येत नाही. मिलिमीटरभर मूळ उघड्यावर उन्हात वाळलं की ते बी गेलं. पेरल्यावर पहिले ५-६ दिवस रोज तीन-चार वेळा बारीक फवारा मारणारं कुणी घरी नसेल, तर कोरडंच टाका. दिवसाआड नळ येणाऱ्या घरांनी आधी टाकीचा हिशेब मांडावा.

जमिनीची तयारी दोन्हीकडे सारखीच, आणि खरं काम तिथेच आहे. जुनं गवत २ सेंमीपर्यंत कापा, वाळलेला थर दाताळ्याने ओढून काढा, वरची सेंटिमीटरभर माती खरवडा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि बारीक बी त्यात गडप होतं, म्हणून भेगा आधी रेती व चाळलेल्या शेणखताने भरा. पेरल्यावरही वरून काळी माती नको. ती सुकली की तिचा पापुद्रा धरतो आणि कोवळ्या कोंबाला तो फोडता येत नाही. रेती-शेणखताचा ३ मिमी थर पुरे.

हरळीचं कोरडं बी चौरस मीटरला ५ ते ८ ग्रॅम लागतं. १० चौ.मी.साठी ५०-८० ग्रॅम बी बादलीभर रेतीत मिसळून आधी उभं, मग आडवं फेकलं की सारखं पडतं.

मोड आणायचे तर बी १२ तास भिजवा आणि एकदा पाणी बदला. मग जुन्या धोतराच्या कापडात सैल बांधून सावलीत टांगा. गोणपाट नको, हरळीचं बी त्यातून गळतं. सकाळ-संध्याकाळ धुऊन पुरचुंडी हलवा. आंबट वास आला तर समजा, आत पाणी साचलंय, बियांना हवा मिळत नाही आणि ढीग तापतोय. साधारण पाचव्या हिश्श्याच्या बियांना पांढरं टोक दिसलं की त्याच संध्याकाळी पेरा. सगळ्यांची वाट पाहिली तर आधीची मुळं एकमेकांत गुंततात आणि सोडवताना तुटतात. बियाच्या दहापट, किंचित ओलसर रेतीत हलक्या हाताने मिसळा, हातानेच पसरा, फळीने दाबा. पेरणीच्या यंत्रात हे बी चिकटतं आणि मोडही तुटतात. रंगीत लेप दिलेलं बी मात्र भिजवू नका, लेप धुऊन जातो.

आमचं मत असं: चार-पाच चौरस मीटरची टकलं असतील, मुंग्या-चिमण्या बी उचलत असतील किंवा उतारावर बी वाहून जात असेल, तर मोड आणण्याचा खटाटोप सार्थकी लागतो, कारण मूळ लवकर माती धरतं. अख्खं अंगण असेल तर कोरडं. वेळ जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, पाऊस स्थिरावल्यावर. मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा दोन्हीही नको.

हिवाळ्यात हरळी पिवळी पडते म्हणून नोव्हेंबरात राय गवत पेरणारेही आहेत. ते कोरडंच ५ ते १० दिवसांत उगवतं, त्यामुळे मोडांचा फायदा थोडाच. एप्रिलच्या उन्हात ते मरतंच.

झाडाच्या दाट सावलीत हरळी कशीही पेरा, टिकणार नाही. तिला रोज ६ तास ऊन हवं. लॉन मेक्सिकन किंवा कोरियन गवताचं असेल तर त्यात हरळी मिसळू नका, त्याच गवताच्या मातीमुळांसकट चकत्या लावा.

पेरणीच्या संध्याकाळीच धो-धो पाऊस आला, तर मोड आलेली पुरचुंडी ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. थंडीत वाढ मंदावते आणि एखादा दिवस निभावतो. त्यापलीकडे मात्र नाही.